मुलगा, वडील आणि बहीण, तिघांनाही एकट्याने बाहेर पडता यावं यासाठी सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे पुढचं नीट कळेल. घरात तिघं आहेत. मुलगा ९ वर्षांचा, त्याला क्लासला एकट्याने जायचंय. वडील ७६ चे, मध्यंतरी एकदा पडले, हाड वगैरे काही मोडलं नाही पण तेव्हापासून एकटे बाहेर पडणं बंद झालंय. आणि धाकटी बहीण पंचविशीची, तिची नजर हळूहळू कमी होत चाललीये, आधी कडेचं दिसणं गेलं, आता अंधार पडला की जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे तिच्यासोबत कायम कोणीतरी असतं. तुम्ही विचारलंय की या तिघांना एकटं सोडायचं का, सोडायचं तर कधी, आणि काही बरंवाईट झालं तर काय.

मी गेली बरीच वर्षं हेच काम करते. सुरुवात दृष्टिबाधितांना पांढरी काठी घेऊन फिरायला शिकवण्यापासून झाली, नंतर वयस्कर लोक, व्हीलचेअरवाले, बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं असं वाढत गेलं. आणि सगळ्यात पहिलं मी घरच्यांना हेच सांगते की हा प्रश्न माणसाबद्दल विचारू नका, रस्त्याबद्दल विचारा. 'बाबा एकटे जाऊ शकतील का' याला उत्तरच नाही. 'बाबा घरापासून त्या बागेपर्यंत, सकाळी ९ वाजता, डावीकडच्या फुटपाथने एकटे जाऊ शकतील का' याला उत्तर आहे, आणि ते आजचं 'नाही' असलं तरी नेमकं कशामुळे नाही हे कळतं, मग त्यावर काम करता येतं. एक वाट, एक काम, एक वेळ. ती बसली की दुसरी. तिघांसाठी तीन वेगळ्या वाटा घ्या आणि त्या वाटा त्यांनी स्वतः निवडलेल्या असू द्या, कारण ज्याला तिथे जायचंच नाहीये त्याला तिथे जायला शिकवणं फार अवघड जातं.

वाट ठरली की आधी ती चालून बघायची. पण तुम्ही पुढे आणि ते मागे असं नाही, ते पुढे आणि तुम्ही दोन पावलं मागे, गप्प. आपल्याला वाटतं आपल्याला हा रस्ता पाठ आहे, पण मागून गप्प चालताना जे दिसतं ते वेगळंच असतं. कुठे थांबून विचार करावा लागतो, कुठे फुटपाथ अचानक संपतो, कुठल्या गेटमधून गाड्या रिव्हर्समध्ये बाहेर येतात, पार्क केलेल्या गाड्यांमुळे कुठे समोरचं दिसत नाही, बसायला जागा कुठे आहे, संध्याकाळी दिवे कुठे नसतात. हे सगळं कागदावर लिहा. बहुतेक वाटांवर एक किंवा दोनच जागा खऱ्या अडचणीच्या निघतात, बाकी वाट सोपी असते, आणि घरच्यांची भीती मात्र पूर्ण वाटेवर पसरलेली असते. ती एक जागा टाळता आली तर टाळा, पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल. टाळता येत नसेल तर तेवढ्या जागेचा सराव वेगळा करा.

आता मुलाचं. आधी एक आकडा सांगते कारण 'आजकालची मुलं तेवढी हुशार नाहीत' असं सर्रास ऐकू येतं. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं होतं, १९७१ मध्ये ७-८ वर्षांची सुमारे ८० टक्के मुलं शाळेत मोठ्या माणसाशिवाय जात होती, १९९० मध्ये तेच प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. एकोणीस वर्षांत मुलांचा मेंदू बदलत नाही. रस्त्यावरची गाड्यांची संख्या आणि वेग बदलला, आणि आईवडिलांनी त्यावर जे करता येण्यासारखं होतं ते केलं, मुलांना रस्त्यावरून उचललं. हा तुमचा किंवा कोणाच्या संस्काराचा दोष नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचंय, कारण अशा आया स्वतःला फार दोष देत असतात.

पण मुलांच्या क्षमतेची एक खरी मर्यादा आहे आणि ती माहीत असायलाच हवी. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना साधारण ताशी ३२ किमीपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी आपल्याकडे येतेय हेच नीट जाणवत नाही. लक्ष नसतं म्हणून नाही. गाडीची आकृती डोळ्यात जेवढ्या वेगाने मोठी होते ते पकडण्याची ताकद त्या वयात मोठ्या माणसाइतकी तयार झालेली नसते. म्हणजे मुलगा दोन्हीकडे बघेल, प्रामाणिकपणे बघेल, आणि तरी त्याला वाटेल की गाडी अजून लांब आहे. म्हणून 'दोन्हीकडे बघून क्रॉस कर' एवढं सांगून माझं समाधान होत नाही. ९ वर्षांच्या मुलासाठी माझा नियम असा की मोठा वेगवान रस्ता असेल तर गाड्यांमधली गॅप त्याने जज करायचीच नाही, सिग्नल असलेल्या जागीच क्रॉस करायचं, किंवा तिथे त्या वेळेला कोणीतरी मोठं माणूस असेल अशी व्यवस्था करायची. आतल्या गल्ल्या, जिथे गाड्या मुळातच हळू जातात, तिथे तो नक्की शिकू शकतो.

शिकवायचं रस्त्यावरच, घरात चित्रं काढून किंवा व्हिडिओ दाखवून नाही. कडेला उभे राहा आणि त्यालाच विचारा की आत्ता गेलास तर चालेल का, का चालेल, ती वळणारी गाडी तुला दिसली का. त्याने मोठ्याने बोलत विचार करायचा. सिग्नल हिरवा झाला तरी वळणाऱ्या गाड्या येतात हे मुलांना सहसा कोणी सांगितलेलंच नसतं, आणि दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून रस्त्यावर यायचं नाही हेही नाही, कारण मोठ्या माणसाच्या उंचीवरून गाडीच्या टपावरून पलीकडचं दिसतं आणि त्यामुळे आपल्याला ती अडचण जाणवतच नाही. एकदा खाली वाकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. अजून एक, मित्र सोबत असला की सेफ असं आपल्याला वाटतं, पण या वयात दोन-तीन मुलं गप्पा मारत निघाली की एकट्यापेक्षा कमी लक्ष असतं, एक पळाला की बाकीचे पळतात. म्हणून एकट्याचा सराव झाल्यावर ग्रुपचा सराव वेगळा.

मागे कसं सरकायचं हे फार महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेक घरं अडकतात, एक दिवस पूर्ण सोबत आणि दुसऱ्या दिवशी एकदम एकटं. तसं नको. मी शेवटचा तुकडा आधी सोडते. म्हणजे क्लासच्या अलीकडच्या कोपऱ्यापर्यंत तुम्ही सोबत, तिथून पुढे तो एकटा. ते सहज जमलं की अजून एक कोपरा मागे. असं करत करत तुम्ही घराच्या दाराशी येता. याचा फायदा असा की प्रत्येक वेळी त्याचा एकट्याचा भाग 'पोचलो' याने संपतो आणि जो भाग नवीन आहे त्यानंतर लगेच ओळखीचा भाग येतो. अडचणीच्या क्रॉसिंगला मात्र घाई नाही, तिथे आधी शेजारी, मग एक पाऊल मागे, मग रस्त्याच्या याच बाजूला उभं राहून बघायचं, आणि या सगळ्यात निर्णय त्याचाच. तुम्ही 'चल आता' म्हणालात की तो सराव वाया गेला असं समजा. सलग काही वेळा तुमच्या एकाही शब्दाशिवाय नीट झालं की पुढची पायरी.

लाइव्ह लोकेशनबद्दल तुम्ही विचारलं होतं. माझं मत स्पष्ट आहे, पोचल्यावर एक फोन किंवा मेसेज पुरे. पूर्ण वेळ स्क्रीनवर ठिपका बघत बसलात तर तुमची काळजी कमी होत नाही, वाढते, ठिपका दोन मिनिटं थांबला की जीव वरखाली, आणि मुलाला कळतं की निर्णय शेवटी आईकडेच आहे. लोकेशन सुरू असू दे, पण ते ठरलेल्या वेळेपेक्षा १० मिनिटं जास्त झाली तरच उघडायचं असं त्याच्यासमोर ठरवा. आणि रस्ता क्रॉस करताना मोबाइल हातात नाही, खिशात किंवा बॅगेत, हा नियम तुम्हीही पाळा.

अनोळखी माणसांबद्दल 'कोणाशी बोलू नको' असं शिकवू नका प्लीज, कारण हरवल्यावर त्याला अनोळखी माणसाकडेच मदत मागावी लागणार आहे. नियम असा द्या की ठरलेली वाट सोडून कोणाहीबरोबर कुठेही जायचं नाही, ओळखीचा असला तरी, आधी घरी फोन. आणि मदत लागली तर दुकानात कामाला असलेल्या माणसाला किंवा मुलं सोबत असलेल्या बाईला विचारायचं. आईचा नंबर तोंडपाठ हवा, फोनची बॅटरी संपते.

आता वडिलांकडे येते, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण मुलाच्या बाबतीत घरचे निदान विचार तरी करतात, वयस्कर माणसाच्या बाबतीत एकदा पडले की विषय संपतो. पडण्याची भीती बसते, मग चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांड्या आणि पोटऱ्यांची ताकद उतरते, तोल जाण्याचं प्रमाण वाढतं, आणि मग खरोखरच पुन्हा पडतात. घरात बसवून आपण त्यांना सुरक्षित ठेवतोय असं वाटतं पण सहा महिन्यांनी ते पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात असतात. घरी बसण्याचीही किंमत आहे, ती फक्त एका दिवसात दिसत नाही. रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं की सगळा धोका काढून घेतला तर माणसाचा मानही काढून घेतला जातो. वयस्कर लोकांनाही ते तितकंच लागू होतं.

तर आधी ते कशामुळे पडले हे शोधा. डॉक्टरकडे सगळी औषधं एकत्र घेऊन जा, झोपेच्या गोळ्या आणि काही बीपीच्या गोळ्यांमुळे उठून उभं राहिल्यावर चक्कर येते, डॉक्टरना झोपलेलं आणि उभं असं दोन्ही वेळचं बीपी मोजायला सांगा. डोळे तपासा. चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खाली बघताना वाचायच्या भागातून बघितलं जातं आणि पायरीची कड धूसर दिसते, फुटपाथवरून उतरताना पडणारे बरेच जण मी यामुळे पडलेले बघितलेत. त्यांनी मान खाली वाकवून वरच्या भागातून बघायला शिकायचं, किंवा बाहेर फिरायला फक्त लांबचा वेगळा चष्मा घ्यायचा, हे डोळ्यांच्या डॉक्टरशी बोलून ठरवा. चपला मागून उघड्या नकोत. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, असे व्यायाम रोज थोडे थोडे, फिजिओथेरपिस्टने बघून दिलेले असले तर उत्तम.

काठी घ्यायला ते तयार नसतील, बहुतेक जण नसतात. पण घेतली तर नीट मापाची घ्या. चप्पल घालून सरळ उभं राहून हात बाजूला सैल सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीचा मूठभाग यायला हवा, मग कोपर किंचित वाकतं. आणि काठी दुखऱ्या किंवा कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची, बरेच जण त्याच बाजूला धरतात आणि मग उपयोग होत नाही म्हणून कोपऱ्यात ठेवून देतात. खालचं रबर झिजलं की बदला, ते गुळगुळीत झालेलं असलं की ओल्या फरशीवर काठी नसलेली बरी.

मग येतो सिग्नल. बऱ्याच देशांत पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलची वेळ सेकंदाला १.२ मीटर चाल धरून काढलेली असायची, आजही अनेक ठिकाणी तशीच आहे. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांची चाल मोजली तेव्हा पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांची ०.८ मीटर निघाली, तो अभ्यास २०१२ मध्ये आला. हिशोब करून बघा, १२ मीटर रुंद रस्त्याला सिग्नल १० सेकंद देतो आणि ०.८ ने चालणाऱ्याला १५ सेकंद लागतात, म्हणजे शेवटची पाच सेकंदं ती बाई हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांसमोर रस्त्याच्या मध्ये. लोक म्हणतात बाबांचा कॉन्फिडन्स गेलाय. कॉन्फिडन्स गेला नाहीये, त्यांनी हिशोब बरोबर केलाय. सिंगापूरने २००९ पासून यावर सोपा उपाय सुरू केला, वयस्कर आणि अपंग लोकांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त चालतो. तुमच्याकडे तसं नसेल तर वडिलांची चाल मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा, सरळ जागेवर १० मीटर किती सेकंदात चालतात ते, आणि त्या क्रॉसिंगचा हिरवा दिवा किती वेळ राहतो तेही मोजा. पुरत नसेल तर मध्ये थांबायला दुभाजक असलेली जागा शोधा आणि दोन टप्प्यांत क्रॉस करा. आणि नियम हा की दिवा आधीच हिरवा असेल तर निघायचं नाही, तो लाल होऊन पुन्हा हिरवा होईपर्यंत थांबायचं, म्हणजे पूर्ण वेळ मिळतो.

बसायच्या जागा मोजा. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये असं धरलंय की काठी घेऊन चालणाऱ्या बऱ्याच जणांना साधारण ५० मीटरनंतर विसावा लागतो. ५० मीटर म्हणजे फार काही नाही. वाटेवर बाक नसतील तर कट्टा, ओळखीचं दुकान, बस स्टॉप, काहीही चालेल पण हात टेकून उठता येईल असं हवं, फार खाली बसलं की उठता येत नाही. आणि एक गोष्ट जी वडील तुम्हाला सांगणार नाहीत, पुष्कळ वयस्कर लोक बाहेर पडणं बंद करतात ते पडण्याच्या भीतीने नाही तर वाटेत टॉयलेट नाही म्हणून. विचारायची सोय नसते, सांगायची लाज वाटते. तुम्हीच शांतपणे विषय काढा आणि वाटेवर टॉयलेट कुठे आहे ते बघून ठेवा, बऱ्याचदा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

त्यांना एखादं काम द्या जे त्यांनीच करायचं, पेपर आणणं असो वा नातवाला क्लासहून आणणं असो, फक्त पाय मोकळे करायला जा असं म्हणून कोणी रोज जात नाही. ते अजून गाडी चालवत असतील तर तेही बोलून ठेवा. गाडी सोडल्यावर वयस्कर लोकांमध्ये डिप्रेशनची लक्षणं जवळजवळ दुप्पट होतात असं अनेक अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलंय, त्यामुळे बस, रिक्षा, पायी हे पर्याय गाडी हातात असतानाच अंगवळणी पाडायचे, किल्ली काढून घेतल्यावर नाही. विसरभोळेपणा वाढत असेल तर मात्र वाट बदलू नका, वेळ बदलू नका, खिशात नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड ठेवा आणि वाटेवरच्या दोन-तीन दुकानवाल्यांना सांगून ठेवा.

बहिणीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याने, 'अजून दिसतंय तोवर काठी नको'. नेमकं उलट आहे. दिसतंय तोवरच शिकणं सोपं असतं, कारण काठीने जे हाताला कळतं ते डोळ्याने पडताळून बघता येतं, आणि पुढे नजर कमी झाली तरी हात शिकलेला असतो. शिवाय अंधारात तिला आजच दिसत नाहीये, म्हणजे संध्याकाळपुरती तिला काठी आजच लागतेय. घडीची काठी असते, दिवसा बॅगेत राहते. लाज वाटते हे अगदी खरं आहे, पहिल्यांदा काठी उघडून आपल्या ओळखीच्या रस्त्यावर उभं राहणं फार जड जातं, म्हणून मी सुरुवात नेहमी अनोळखी भागात करते, जिथे कोणी नाव घेऊन हाक मारणार नाही.

लांब पांढऱ्या काठीचं तंत्र रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकन सैनिकांसोबत काम करताना तयार केलं, आणि मूळ गोष्ट आजही तीच आहे. काठी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत लांब, हात शरीराच्या मध्यावर, टोक खांद्यांपेक्षा किंचित जास्त रुंदीत डावीउजवीकडे, आणि डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठी उजवीकडे टेकते, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. हे वाचून शिकू नये, ट्रेनर शोधा. काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही, वाकलेली फांदी, खाली लटकलेला बोर्ड, ट्रकची मागची फळी, म्हणून अशा जागी दुसरा हात चेहऱ्यासमोर आडवा धरायला शिकवतात. उन्हात डोळे दिपत असतील तर पुढे कड असलेली टोपी लगेच फरक पाडते, हे उद्यापासून करता येईल.

क्रॉसिंगला ती कानावर जास्त अवलंबून राहील. आपल्या शेजारून, आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या एकदम सुटल्या की आपला टप्पा सुरू झाला, हे ऐकून ओळखायचं असतं आणि त्याच आवाजाला समांतर सरळ चालायचं असतं. इलेक्ट्रिक गाड्यांनी हे अवघड केलंय, म्हणून युरोपियन युनियनने २०१९ पासून नव्या मॉडेल्सना कमी वेगात आवाज करणं सक्तीचं केलं, सगळीकडे मात्र तसा नियम नाही. फुटपाथवरच्या उठावाच्या पिवळ्या फरश्या तिला वाचायला शिकवा, रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. या फरश्या सेइइची मियाके यांनी जपानमध्ये बनवल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आता जगभर आहेत, पण चुकीच्या बसवलेल्या पुष्कळ असतात, थेट खांबावर नेणाऱ्या, म्हणून प्रत्येक वाट आधी ट्रेनरसोबत तपासायची. मोबाइलचं नॅव्हिगेशन वापरू द्या, पण ते काही मीटर इकडेतिकडे असतं, रस्ता सांगतं, दार सांगत नाही.

तुम्ही तिला धरून चालवता असं लिहिलंय. ते बदला. तिने तुमच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं, म्हणजे तुमच्या शरीराच्या हालचालीवरून तिला पायरी, वळण सगळं आधी कळतं. मागून दंड धरून ढकलत नेलं की ती पुढे असते आणि तिला काहीच कळत नाही. रस्त्यावरची भली माणसंही हेच करतात, न विचारता हात धरून ओढतात. त्यासाठी एक वाक्य तिच्या तोंडी बसवा, 'थांबा, तुम्ही धरू नका, मी तुमचा हात धरते', ठाम आवाजात, थँक्यू नंतर.

तिघांनाही लागू असलेली एक गोष्ट म्हणजे गडबडीचा सराव. सगळं नीट होतं तेव्हा कोणालाही जमतं. बस आलीच नाही, नेहमीचा फुटपाथ खोदलाय, क्लास बंद आहे, चुकीच्या स्टॉपला उतरलो, फोन बंद पडला, या गोष्टी मुद्दाम करून बघायच्या, तुम्ही जवळपास असताना. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना बसने जायला शिकवताना आम्ही हाच भाग सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो, कारण नेहमीची वाट ती पटकन आणि पक्की शिकतात, अडतं ते वाट बदलली की. घाबरल्यावर काय करायचं ते एकच आणि साधं हवं: थांब, कडेला हो, फोन कर, नाहीच लागला तर अमुक दुकानात जा.

आता सरावाला एक मर्यादा आहे हेही सांगते. कितीही शिकवलं तरी ५० च्या वेगाने गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर चूक करायला जागाच नसते. ब्रिटिश हायवे कोडमध्ये गाडी थांबायला लागणारं अंतर दिलंय, ताशी ३२ किमीला सुमारे १२ मीटर आणि ४८ किमीला २३ मीटर. मुलगा १५ मीटरवर रस्त्यात आला तर पहिली गाडी त्याच्याआधी थांबते, दुसरी थांबत नाही. स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा शहराने १९९९ पासून मधल्या भागातून बहुतेक गाड्या काढल्या आणि राहिलेल्यांचा वेग उतरवला, तिथे मुलं एकटी शाळेत जातात, म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून चालतात, आणि हा बदल मुख्यतः रस्ते बदलल्याने झाला. व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अजून उघड आहे. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र असला, किंवा फुटपाथ बाजूला कललेला असला की खुर्ची रस्त्याकडे ओढत राहते, किंवा रॅम्पच्या तोंडाशीच कोणी बाइक लावली, की हातात कितीही ताकद असून उपयोग नाही, ती वाट त्या दिवसापुरती नाहीच.

म्हणून वाटेचा तो कागद फेकू नका. त्यातली सगळ्यात वाईट एक जागा निवडा आणि रस्त्यांचं काम बघणाऱ्या ऑफिसला लिहून द्या, फोटोसकट, आकड्यांसकट. 'रस्ता सुरक्षित करा' असं लिहिलं तर काही होत नाही. 'या चौकात रस्ता इतके मीटर रुंद आहे, हिरवा दिवा इतके सेकंद असतो, माझ्या वडिलांना इतके सेकंद लागतात, पाच सेकंद वाढवून द्या' असं लिहिलं की समोरच्याला काय करायचं ते कळतं, आणि सिग्नलची सेकंदं वाढवायला खोदकाम लागत नाही, म्हणून मी नेहमी तिथून सुरुवात करायला सांगते. तिघांच्याही वाटा एकाच चौकातून जात असतील तर तिघांचाही उल्लेख करा.

क्रम विचारलात तर बहिणीपासून सुरुवात करा, कारण तिच्याकडे वेळ कमी आहे, या महिन्यात ट्रेनर शोधा. वडिलांची औषधं आणि डोळे या आठवड्यात, व्यायाम लगेच, वाट दोन-तीन आठवड्यांनी पाय जरा बळकट झाल्यावर. मुलाचं सुट्टीत करा, रोज सराव करायला वेळ मिळतो आणि क्लासला उशीर होईल म्हणून कोणी घाई करत नाही. त्याच्या वाटेवर मोठा रस्ता किती लेनचा आहे, सिग्नल आहे का आणि तो क्लासहून परत येतो तेव्हा अंधार पडलेला असतो का, एवढं सांगितलंत तर ती वाट आत्ताच्या वयात जमेल की अजून एखादं वर्ष थांबायचं हे जास्त नेमकं सांगता येईल.